आपले प्रश्न : हृदयातली आडवाट

गेल्या अंकात छातीत अचानक सुरू होणाऱ्या आणि तितक्याच अचानक थांबणाऱ्या धडधडीचा मी एका उत्तरात ओझरता उल्लेख केला होता, आणि तिच्यामागे हृदयात जन्मापासून असलेली विजेची एक जादा वाट असू शकते, असे म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयासाठी राखून ठेवले आहे. पत्रे आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. आठवीत असल्यापासून तिला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा छातीत जोराची धडधड सुरू होते, कधी पंधरा मिनिटे, कधी तासभर टिकते आणि दिव्याचे बटण बंद करावे तशी थांबते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, टू-डी इको हे सगळे नॉर्मल आल्यावर परीक्षेचे टेन्शन आहे असे सांगून तिला मन शांत राहण्याच्या गोळ्या देण्यात आल्या. दोन महिन्यांपूर्वी धडधड चालू असतानाच आम्ही तिला दवाखान्यात नेले. ठोके मिनिटाला २१० होते आणि शिरेतून एक इंजेक्शन दिल्यावर काही क्षणांत ते जागेवर आले. आता डॉक्टर म्हणतात की हृदयात जन्मतः जादा वायर असावी आणि ती जाळावी लागेल. जन्मतः होती, तर इतक्या वर्षांच्या ईसीजीत ती दिसली कशी नाही? शिवाय तिचे लग्न ठरवायचे आहे. हे सांगावे की न सांगावे? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या मुलीने आठ-नऊ वर्षे जे सांगितले ते खरे होते, हे आधी तिला सांगा. या आजाराच्या रुग्णांना, त्यातही तरुण मुलींना आणि स्त्रियांना, ‘मनावर घेतेस’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागते, की खरे निदान झाल्यावर त्यांना भीतीपेक्षा सुटकाच अधिक वाटते. भीतीने वाढणारे ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. एका ठोक्यात सुरू होणारी आणि एका ठोक्यात थांबणारी धडधड ही बहुतेक वेळा विजेच्या मार्गातली गडबड असते, आणि तुम्ही पत्रात दिलेले बटणाचे उदाहरण या फरकाचे इतके नेमके वर्णन आहे, की निदानाची दिशा त्या एका वाक्यातच सापडते.

आता ही वाट म्हणजे काय ते पाहू. हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे आणि खालचे दोन म्हणजे निलये. त्यांच्या मधोमध झडपांच्या कड्यांभोवती तंतुमय ऊतीची एक चौकट असते, आणि तिच्यातून वीज वाहत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात निघालेला विजेचा संदेश खाली पोहोचण्यासाठी या चौकटीत एकच अधिकृत दार असते. त्याला एव्ही नोड म्हणतात, आपण त्याला मधली गाठ म्हणू. ही गाठ संदेशाला सुमारे एक दशांश सेकंद अडवून धरते, त्यामुळे वरचे कप्पे रिकामे झाल्यावरच खालचे आकुंचन पावतात. गर्भात हृदय घडत असताना वरच्या आणि खालच्या कप्प्यांचे स्नायू सलग असतात आणि मधली चौकट नंतर पूर्ण होते. काही जणांत ती पूर्ण होताना स्नायूचा एखादा बारीक धागा तसाच राहून जातो. तीच ही जादा वाट. तिला वायर म्हणणे समजावण्यापुरते ठीक आहे, पण ती हृदयाच्याच स्नायूची असते. बाहेरून आलेली किंवा नंतर वाढलेली अशी काही वस्तू नव्हे.

एका खोलीला दोन दारे असली की एकातून बाहेर पडून दुसऱ्यातून आत येता येते, आणि घरातली लहान मुले तेवढ्यावर तासभर गोल गोल धावू शकतात. हृदयात नेमके तसेच होते. एखादा ठोका अवेळी पडला की संदेश मधल्या गाठीतून खाली उतरतो, जादा वाटेने उलटा वर चढतो, पुन्हा गाठीतून खाली येतो, आणि प्रत्येक फेरीला एक ठोका पडतो. हे वर्तुळ मिनिटाला १५० ते २२० फेऱ्या सहज घेते. त्याचा कोठेतरी एका जागी क्षणभर खंड पडला, की सगळे एकदम थांबते. तुमच्या मुलीला जे इंजेक्शन दिले ते बहुधा ॲडेनोसिनचे असणार. ते मधल्या गाठीला काही सेकंद झोपवते आणि वर्तुळ तुटते. ते देताना रुग्णाला छाती आवळल्यासारखी वाटते, जीव जातो की काय असे वाटते, आणि ते आधी न सांगितल्यास रुग्ण पुढे त्या इंजेक्शनाचे नावही काढू देत नाही.

ईसीजीत काही दिसले नाही याचे कारण असे, की काही जादा वाटा एकेरी असतात. त्या फक्त खालून वर वीज नेतात, वरून खाली नेत नाहीत. शांत असताना सगळे संदेश नेहमीच्या दारातूनच खाली येत असल्यामुळे ईसीजी अगदी निर्मळ येतो, आणि वाट ओळखू येते ती धडधड चालू असतानाच. म्हणून असे शंभर ईसीजी शांत वेळी काढण्यापेक्षा धडधडीचा झटका चालू असताना काढलेला एक बरा. तो कागद तुमच्याकडे असेल तर त्याचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, कारण बहुतेक ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि कपाटात पडून पुसट होतो. कृपया त्याला लॅमिनेशन करू नका. जपून ठेवावा या सद्हेतूने लॅमिनेट केलेले आणि त्यामुळे काळे ठिक्कर पडलेले कागद मी पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र मोकळी ठेवतो. अशाच प्रकारची धडधड मधल्या गाठीच्या आत आणि तिच्या लगतच दोन वाटा असल्यामुळेही होते. प्रौढांत, आणि विशेषतः स्त्रियांत, तो प्रकार अधिक आढळतो. दोन्हींत लक्षणे सारखीच असतात, दोन्हींत ॲडेनोसिनने झटका थांबतो, आणि दोहोंतला फरक खात्रीने कळतो तो हृदयात तारा सरकवून केलेल्या तपासणीत, जिला ईपी स्टडी म्हणतात. उपाय दोहोंवर आहे आणि तो त्याच बैठकीत करता येतो, तेव्हा नावाच्या घोळात पडून वेळ दवडू नये.

लग्नाबद्दल. हृदयाला छिद्र आहे, हृदय कमजोर आहे, मूल झेपणार नाही, असे काहीही यातून सिद्ध होत नाही. इको नॉर्मल आहे म्हणजे हृदयाची बांधणी आणि ताकद दोन्ही चांगल्या आहेत. गर्भारपणात अशा धडधडीचे प्रमाण वाढू शकते आणि त्या काळात औषधे तसेच क्ष-किरण दोन्ही जपून वापरावे लागतात. म्हणून ज्या मुलीला वारंवार झटके येतात तिने मूल होऊ देण्याआधीच, म्हणजे शक्य तर आताच, वाट बंद करून घ्यावी असे मी सुचवतो. सांगावे की नाही हा प्रश्न तुम्ही मला विचारला आहे, पण तो तिला विचारायला हवा. माझे मत एवढेच, की उपचार करून बरी झालेली ही गोष्ट आहे, ती लपवण्यासारखी नाही. आणि जे घर ती ऐकून मागे सरेल, त्या घराविषयी वेळेत माहिती मिळाली असे समजावे.

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून मला कसलाही त्रास नाही. रोज पाच किलोमीटर धावतो. नोकरीसाठीच्या वैद्यकीय तपासणीत ईसीजीवर ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ असा शेरा आला आणि मला तात्पुरते अनफिट ठरवले. एक डॉक्टर म्हणतात काही करू नका, दुसरे म्हणतात अचानक मृत्यूचा धोका आहे. कोणाचे ऐकू? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : दोघेही अर्धे बरोबर आहेत, आणि राहिलेले अर्धे एका तपासणीने ठरते.

हे तीन अक्षरी नाव तीन डॉक्टरांच्या आडनावांचे आहे. बॉस्टनचे लुई वुल्फ आणि पॉल डडली व्हाइट आणि लंडनचे जॉन पार्किन्सन यांनी १९३० साली अकरा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही माणसे तरुण आणि एरवी निरोगी होती, त्यांचा ईसीजी विचित्र होता आणि त्यांना मधूनमधून धडधडीचे झटके येत. तुमच्या ईसीजीत त्याच खुणा असणार. जादा वाट वरून खालीही वीज नेते आणि तिच्यावर अडवणारी गाठ नसते, त्यामुळे संदेशाचा काही भाग वेळेआधीच खाली पोहोचतो. कागदावर वरच्या कप्प्यांच्या लाटेपासून खालच्या कप्प्यांच्या लाटेपर्यंतचे अंतर ०.१२ सेकंदापेक्षा कमी भरते, आणि मोठ्या लाटेच्या पायथ्याशी सरळ उभ्या रेषेऐवजी तिरका उतार दिसतो, त्याला डेल्टा लहर म्हणतात. हजार माणसांचे ईसीजी काढले तर साधारण एक ते तिघांत ही खूण सापडते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणून जुन्या पिढीतले डॉक्टर काही करू नका म्हणतात.

धोका येतो तो दुसऱ्या बाजूने. कधीकाळी वरच्या कप्प्यांना कंप सुटला, म्हणजे ते मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरू लागले, तर निरोगी माणसाची मधली गाठ त्यांतले बहुतेक संदेश अडवते आणि ठोके दीडशे-पावणेदोनशेच्या घरात राहतात. जादा वाट मात्र अशी गाळणी लावत नाही. ती तरतरीत असेल तर ती थरथर जवळजवळ तशीच खाली पोहोचवते, ठोके अडीचशेच्या वर जातात, आणि क्वचित खालचे कप्पेही थरथरू लागतात, म्हणजे हृदय थांबल्यातच जमा होते. ज्यांना कसलीही लक्षणे नाहीत अशांत या कारणाने मृत्यू येण्याचे प्रमाण वर्षाला हजारी एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी मानले जाते. आकडा लहान आहे, पण तो तरण्याताठ्या माणसांचा आहे आणि तो टाळता येतो, म्हणून दुसरे डॉक्टर घाई करतात.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की तुमची वाट तरतरीत आहे की मंद. ट्रेडमिलवर पळताना ठोके वाढत गेले आणि एका क्षणी डेल्टा लहर एका ठोक्यात नाहीशी झाली, तर वाट लवकर दमणारी आहे असे समजतात आणि बहुधा तेथेच थांबता येते. लहर हळूहळू बारीक होत गेली तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही, कारण पळताना मधली गाठही चपळ होते आणि डेल्टा लहर तिच्या सावलीत झाकली जाते. ट्रेडमिलने निकाल दिला नाही तर ईपी स्टडी करतात. तीत वरच्या कप्प्यांना मुद्दाम थोडा वेळ कंप आणून, जादा वाटेने खाली आलेल्या दोन ठोक्यांमधले सर्वांत लहान अंतर मोजतात. ते पाव सेकंद किंवा त्याहून कमी भरले तर वाट धोकादायक समजून तिथेच बंद करतात.

तुमच्या बाबतीत मी ही तपासणी टाळणार नाही. तुम्ही दमछाक होईपर्यंत धावता, आणि ज्या नोकरीत तुमच्या हृदयावर इतरांचाही जीव अवलंबून असेल, तिथे ‘बहुधा काही होणार नाही’ एवढ्या भरवशावर कोणी सही करणार नाही. तपासणीचा आणि उपचाराचा लेखी अहवाल मिळाल्यावर फेरतपासणीसाठी अर्ज करावा.

प्रश्न : धडधड सुरू झाल्यावर आमच्याकडे थंड पाणी पाजतात, खोकायला लावतात, डोळे दाबतात. यातले खरे काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : डोळे दाबणे सोडून बाकी सर्वांत थोडेथोडे खरे आहे, डोळे मात्र कधीही दाबू नयेत, त्याने दृष्टीला इजा होऊ शकते. या साऱ्या युक्त्या मेंदूपासून हृदयाकडे येणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूला चाळवतात आणि तो मधल्या गाठीला मंदावतो.

यांतली सर्वांत उपयोगी रीत अशी आहे : पलंगावर अर्धवट टेकून बसावे, दहा मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकावे, आणि लगेच आडवे होऊन दुसऱ्या माणसाकडून दोन्ही पाय पंचेचाळीस अंशांपर्यंत उचलून पंधरा सेकंद धरून घ्यावेत. नुसते फुंकण्याच्या जुन्या रीतीने सुमारे सतरा टक्के रुग्णांचे ठोके जागेवर आले, तर शेवटी पाय उचलण्याची जोड दिल्यावर त्रेचाळीस टक्क्यांचे आले, असे ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. पाय उचलण्याला पैसा लागत नाही, ही त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

मात्र चक्कर, छातीत दुखणे, दम लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही असेल, तर सिरिंज शोधत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उतारवयातल्या माणसांनी मान चोळण्याचा प्रयोगही स्वतःवर करू नये.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. डेल्टा लहर माहीत असलेला रुग्ण झटक्यात आला, तर ॲडेनोसिन द्यावे की देऊ नये, याबद्दल उलटसुलट वाचायला मिळते. (एक डॉक्टर वाचक)

उत्तर : ईसीजीच्या पट्टीवर दोन प्रश्न विचारा : ठोके नियमित आहेत काय, आणि लाटा अरुंद आहेत काय. दोन्हींचे उत्तर होय असेल, तर आधी वर सांगितलेली फुंकण्याची रीत आणि मग ॲडेनोसिन ६ मिलिग्रॅम, तेवढ्याने न थांबल्यास १२ मिलिग्रॅम, कोपराच्या मोठ्या शिरेतून झपकन, मागोमाग सलाइनची जोरदार पिचकारी देऊन द्यावे. दम्याच्या रुग्णांत ते टाळावे. काही रुग्णांत ॲडेनोसिननेच अलिंदांना कंप सुटतो, म्हणून शॉकचे यंत्र हाताशी असल्याशिवाय ते देऊ नये.

ठोके अनियमित, लाटा रुंद आणि दर ठोक्याला वेगळ्या रुंदीच्या, आणि गती भयंकर असेल, तर तो जादा वाटेवरून उतरणारा अलिंदांचा कंप समजा. तिथे ॲडेनोसिन, वेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, बीटा-ब्लॉकर यांपैकी काहीही शिरेतून देऊ नका. अमियोडॅरोनही तिथे सुरक्षित नाही. मधले दार बंद केले की सगळी वाहतूक आडवाटेने जाते, हे पहिल्या उत्तरातल्या चित्रावरून लक्षात येईल. रक्तदाब ढासळत असेल तर सिंक्रोनाइज्ड शॉक हाच उपाय. स्थिर असेल तर प्रोकेनामाइड किंवा आयब्युटिलाइड, आणि ते उपलब्ध नसेल तर स्थिर रुग्णालाही शॉकच. रुग्ण पुढे पाठवताना, त्यासोबत ती पट्टी पाठवायला विसरू नका. पुढच्या डॉक्टरांना तुमच्या चिठ्ठीपेक्षा ती अधिक सांगते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या नातवाला ‘ॲब्लेशन’ सांगितले आहे. हृदय आतून जाळायचे या कल्पनेनेच घरात अन्न गोड लागत नाही. हे नेमके काय करतात, धोका किती, आणि आयुष्यभर गोळ्या घेऊन भागणार नाही काय? (एक आजोबा, सोलापूर)

उत्तर : ‘जाळणे’ हा शब्द आम्ही डॉक्टरांनीच रूढ केला आणि त्याचे भय मात्र घरोघर पोहोचले. प्रत्यक्षात आच लागते ती काही मिलिमीटरच्या एका ठिपक्याला.

या उपचाराची सुरुवात मात्र खरोखरच छाती उघडून झाली. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात विल सिली या शल्यविशारदाने नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराची जादा वाट शस्त्रक्रियेने कापली. ती कोठे आहे हे आधी उघड्या हृदयाच्या पृष्ठभागावर विजेची नोंद घेत शोधून काढावे लागले होते. त्या एका शस्त्रक्रियेने दोन गोष्टी सिद्ध झाल्या : वाट खरोखर आहे, आणि ती तोडली की माणूस बरा होतो. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे हेच काम छाती न उघडता कसे करता येईल याच्या शोधात गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तारेच्या टोकातून थेट विजेचा मोठा झटका देऊन पाहिला गेला, पण त्याला पूर्ण भूल लागे आणि त्याची इजा हातात राहत नसे. पुढे रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा सौम्य प्रवाह वापरात आला, आणि १९९१ साली ओक्लाहोमातल्या वॉरेन जॅकमन आणि सहकाऱ्यांनी १६६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या १६४ जणांची वाट बंद झाली होती. पुढच्या काही महिन्यांत पंधरा जणांत ती पुन्हा जागी झाली आणि दुसऱ्या खेपेस तीही बंद करता आली. वैद्यकात इतके स्वच्छ आकडे क्वचित पाहायला मिळतात.

आता नातवाचे काय होईल ते सांगतो. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात आणि ठोक्यांच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवतात, कारण वाट झोपलेली असेल तर ती सापडत नाही. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयात तारा सरकवण्यासाठी असलेल्या खास खोलीत, जांघेची जागा बधिर करून तेथील शिरेतून बारीक तारा हृदयात सरकवतात. मोठी माणसे जागी किंवा अर्धवट गुंगीत असतात, लहान मुलांना पूर्ण भूल देतात. मग डॉक्टर पेसिंग करून, म्हणजे तारेतून विजेचे बारीक संदेश देऊन, तीच धडधड मुद्दाम सुरू करतात. हे नातवाला आधी सांगून ठेवा, नाहीतर टेबलावर त्याला वाटेल की काहीतरी बिघडले. झडपेच्या कड्यावर टोक फिरवत, वीज वेळेआधी कोठून पलीकडे जाते ती जागा शोधतात. खरे कौशल्य आणि बहुतेक वेळ या शोधातच जातो. जागा सापडली की टोकातून प्रवाह सोडतात. तेथील ऊती पन्नास अंश सेल्सिअसच्या वर तापली की कायमची निकामी होते, आणि नेम बरोबर असेल तर काही सेकंदांतच पडद्यावरची डेल्टा लहर मिटते. मी हे पुष्कळदा पाहिले आहे, तरी त्या क्षणी खोलीतले सगळे बोलणे अजून थांबते. त्यानंतर वाट पुन्हा उघडत नाही ना हे पाहत सुमारे अर्धा तास थांबतात. घरी साधारण दुसऱ्या दिवशी पाठवतात.

वाट कोठे आहे यावर बरेच अवलंबून असते. निम्म्याहून अधिक वाटा हृदयाच्या डाव्या बाजूला असतात. तिथे पोहोचायला धमनीतून उलटे जावे लागते किंवा वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने बारीक छिद्र पाडून पलीकडे जावे लागते. एरवी मात्र या डाव्या वाटा सर्वांत भरवशाने बंद होतात. उजवीकडच्या वाटांवर तारेचे टोक नीट टिकत नाही, म्हणून त्या पुन्हा जाग्या होण्याचे प्रमाण थोडे जास्त असते. सर्वांत नाजूक असतात त्या मधल्या गाठीला खेटून असलेल्या. तिथे आच चुकून गाठीला लागली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. म्हणून अशा जागी आच देण्याऐवजी गोठवण्याची रीत वापरतात : आधी उणे तीस अंशांच्या आसपास थंड करून पाहतात, नेहमीचे दार बंद पडू लागले तर थंडी काढून घेतात आणि ते पूर्ववत होते. गोठवलेली वाट परतण्याची शक्यता अधिक असते हे खरे, पण या जागी मी तो सौदा पत्करीन.

एकूण यश पहिल्या खेपेस पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास आणि वाट परत जागी होण्याचे प्रमाण शंभरात पाच ते आठ, असे धरून चालावे. जांघेत रक्त साकळणे हा सर्वसाधारण त्रास. हृदयाभोवती रक्त साचणे, पेसमेकर लागणे, पक्षाघात हे गंभीर प्रकार विरळ आहेत, पण शून्य नाहीत, आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी ‘वाट कोणत्या बाजूला वाटते आणि गाठीपासून किती लांब आहे’ हा प्रश्न तुम्ही शिक्षकाच्या अधिकाराने जरूर विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून धोक्याचा अंदाज येतो आणि समोरच्याच्या अनुभवाचाही.

गोळ्यांनी झटके कमी होतात, वाट जात नाही. वर्षातून एखादा, आपोआप थांबणारा झटका असेल आणि ईसीजीत डेल्टा लहर नसेल, तर गोळीही न घेता राहता येते. पण विशी-पंचविशीच्या मुलाने पुढची चाळीस वर्षे रोज गोळी घ्यायची, ती एक दिवस चुकली की धास्तावायचे, आणि तरीही झटका येणारच नाही अशी हमी नाही, हे गणित मला पटत नाही. खर्चाविषयी तुम्ही लिहिले नाही, पण पत्रात तो जाणवला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि सल्ल्याचा कागद घेऊन आधी चौकशी करा. उपचार सुरू झाल्यावर विचारण्यापेक्षा तारीख ठरण्याआधी विचारलेले बरे.

प्रश्न : आमच्या तीन महिन्यांच्या बाळाला हाच त्रास निघाला आहे. इतक्या लहानपणी ॲब्लेशन करतात काय? (एक बाबा, पिंपरी)

उत्तर : औषधांनी भागत असेल तर करत नाहीत. तान्ह्या मुलांतल्या पुष्कळ जादा वाटा पहिल्या वर्षात आपोआप मंदावतात, म्हणून तोवर औषधांवर वेळ काढतात आणि शक्यतो वजन पंधरा किलोच्या वर जाईपर्यंत थांबतात. काही मुलांत हा त्रास शाळकरी वयात परत डोके वर काढतो, हे लक्षात असू द्या. बाळ बोलून दाखवू शकत नाही. दूध घेताना थकणे, घामाघूम होणे, कारण नसताना चिडचिड आणि फिकटपणा ही त्याची भाषा आहे. एकदा इको अवश्य करून घ्या, कारण उजव्या बाजूची झडप जन्मतः खाली सरकलेली असण्याचा जो विकार आहे, त्यात अशा वाटा, कधी एकाहून अधिक, सापडतात.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझे ॲब्लेशन झाले. मोठा झटका पुन्हा आला नाही, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो आणि काळजात चर्र होते. वाट परत उघडली असेल काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही. अवेळी पडणारा एखाद-दुसरा ठोका जवळजवळ प्रत्येकाला येतो. पूर्वी तोच ठोका वर्तुळ सुरू करून द्यायचा, आता त्याला फिरायला वाट नाही, म्हणून तो एकटाच येतो आणि विझून जातो. इतरांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तुमचे जाते, कारण तुम्ही अनेक वर्षे त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या गोष्टीला घाबरत आला आहात. वाट परत जागी व्हायची असेल तर बहुतेक वेळा ती पहिल्या काही महिन्यांतच होते. एक साधा ईसीजी काढून तो ॲब्लेशनच्या आधीच्या कागदाशी ताडून पाहावा. आधी डेल्टा लहर होती आणि आता नाही, तर निर्धास्त झोपावे. आधीही नव्हती, तर शांत वेळच्या कागदावरून काही ठरणार नाही. मनगटावर ईसीजी टिपणारे घड्याळ असल्यास तो ठोका चुकतो त्या वेळची तीस सेकंदांची नोंद घ्यावी, आणि एकामागून एक सलग जलद ठोके पडू लागले तर जवळच्या दवाखान्यात जाऊन ते थांबण्याआधी पट्टी काढून घ्यावी.